धाकूनं दहाच सांगितली होती

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही – आणि तो समजूतदार माणूस होता, त्यानं ऐकून घेतलं असतं. मुलीला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. दुसरं काही कारण असेल तर मला ते ठाऊक नाही.

माझ्या ओळखीच्यांना एवढं माहीत आहे की तरुणपणी बदलापूरला नदीत होडी उलटली, तेव्हा मी त्या होडीत होते आणि माझी मैत्रीण माझ्या डोळ्यांदेखत गेली. हे बोलताना लोक आवाज खाली आणतात. मी नदीकडे फिरकत नाही, तर म्हणतात, बाई अजून सावरल्या नाहीत. मी म्हणू देते. खरं तर 'डोळ्यांदेखत' हासुद्धा शब्द चुकीचा आहे. मी तिच्याकडे बघतच नव्हते.

पण आधी ती कोण होती ते सांगायला हवं. तिच्यापासून सुरुवात केली म्हणजे माझ्यावर यायला जरा उशीर होईल – तेवढीच सवड.

तिचं नाव ईश्वरी. फाळणी होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. अंबरनाथच्या ज्या शाळेत मी इतिहास शिकवायची, तिथे ती चित्रकला शिकवायला आली. राहायची उल्हासनगरला, लष्कराच्या जुन्या बराकीत – एका लांबलचक खोलीत गोणपाटाचे पडदे लावून सहा कुटुंबं, त्यांतलं एक तिचं. घरात ती आणि तिची अम्मा, बस. अम्मा पापड लाटायची. ईश्वरीचं मराठी ऐकून पोरी हसायच्या, कारण ती पुस्तकाला 'तो' म्हणायची आणि फळ्याला 'ती'. तीही हसायची. आम्ही एका डब्यात जेवायचो.

मी बदलापूरची. वडील पोस्टात होते. मला गावात कुणी मैत्रीण नव्हती. शिकलेली मुलगी म्हणून बाकीच्या जरा लांबच असत. शाळा सुटली की ईश्वरी आणि मी वालधुनीच्या काठानं अंबरनाथच्या शिवालयात जायचो. ती गुडघ्यावर वही ठेवून भिंतीवरच्या मूर्ती काढत बसे. मी देवळाभोवती फिरत राही आणि डोक्यात काही ना काही जुळवत राही. एवढा दगड नऊशे वर्षांपूर्वी इथं आणला कसा? मला वाटलं, नदीनं आणला असेल. उल्हास नदी जवळच, तराफ्यांवर दगड लादून आणला असेल. पुढे अभ्यास केल्यावर मला कळलं की या कल्पनेत काही तथ्य नव्हतं. तसला दगड आसपासच मिळतो. पण तेव्हा मला ती कल्पना माझ्या पोटच्या पोरासारखी वाटायची.

मुंबईत एक प्राध्यापक होते, जोगळेकरसर. जुन्या देवळांचे जाणकार. दर हिवाळ्यात ते हौशी लोकांची एक मंडळी बरोबर घेऊन कुठली ना कुठली देवळं, लेणी दाखवायला नेत. मी त्यांना माझ्या कल्पनेबद्दल पत्र लिहिलं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पण आलं – पाठपोट भरलेलं. लिहिलं होतं, तुमच्यात संशोधक आहे. लिहिलं होतं, यंदाची सहल आम्ही तुमच्याकडेच आणतो: सकाळी शिवालय, दुपारी बदलापूरहून होडीनं जांभूळपर्यंत, तिथले वीरगळ बघून परत. तुमचा विचार मी होडीतच, त्या पाण्यावरच, तुमचं नाव घेऊन मंडळींपुढे मांडेन. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं – जूनपासून माझ्याकडे साहाय्यकाची जागा रिकामी होते आहे.

ते पत्र मी किती वेळा वाचलं असेल?

त्यात एक प्रश्न होता. 'आम्ही चौदा असू. तुम्ही धरून पंधरा-सोळा. सगळे एकाच होडीत मावू ना? दोन भाग झाले तर बोलण्यात गंमत राहत नाही. अडचण असेल तर होडीचं रद्द करू.'

म्हणून मी धाकूकडे गेले.

धाकू बदलापूरच्या तरीवरचा, म्हणजे होडीनं नदी ओलांडायच्या जागेवरचा, नावाडी. त्याचा बापही तेच करायचा. पलीकडच्या गावांतली माणसं, भाजीच्या पाट्या, कधी एखादं वासरू – हे सगळं तो एका काठावरून दुसऱ्या काठाला न्यायचा. चाळिशीचा असेल, काळा, कमी बोलणारा. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, होडीवर हात ठेवला आणि म्हणाला, "धा मानसा, बाय. जास घेतली त काठ पान्याला लागंल."

मी म्हटलं, बरं.

"आन दुपारच्या आदी या. दोन वाजलं का वरच्या वीजघराचं पानी येतं. जांभळाच्या वाटंला खडक हाय, तिथं वढ असते. तवा मी होरी घालत नाय."

हे त्यानं मला नीट, सावकाश सांगितलं. मी मास्तरीण, म्हणून त्यानं ते दुसऱ्यांदाही सांगितलं. दहा माणसं आणि दुपारच्या आधी. यात न कळण्यासारखं काय होतं?

त्याच संध्याकाळी मी सरांना पत्र लिहिलं. 'होडी ऐसपैस आहे. सगळे एकदम मावतील. काळजी नसावी.'

मी काय विचार केला असेल, असं तुम्ही विचाराल. मी पुष्कळदा आठवायचा प्रयत्न केला आहे. मोठा काही विचार केला नव्हता. दहा म्हणजे नावाडी आपलं राखून सांगत असतील, असं वाटलं असेल. आणि 'रद्द करू' हा शब्द मला नको होता. एवढंच. चहा गार होण्याआधी मी पाकीट चिकटवलं होतं.

ती मंडळी रविवारी सकाळी आली. डॉक्टर, सॉलिसिटर, त्यांच्या बायका, एक निवृत्त इंजिनिअर, दोघी बहिणी एकसारख्या स्वेटरमधल्या. ईश्वरीला मी मुद्दाम बोलावलं होतं – तिची चित्रं सरांना दाखवायला. सरांनी ती बघितली, खरंच लक्ष देऊन बघितली. शिवालयाच्या भिंतीसमोर सर बोलायला लागले आणि वेळेचं कुणालाच भान राहिलं नाही. ते फार सुंदर बोलत. एका मूर्तीच्या हातातलं शस्त्र मोडलेलं होतं, त्या मोडक्या हातावर ते पाव तास बोलले. मीही ऐकत होते. दहा वाजले तेव्हा मला घड्याळ दिसलं होतं. साडेअकराला दिसलं. साडेबाराला दिसलं. मी काही बोलले नाही.

बदलापूरला जेवणं उरकून आम्ही तरीवर पोचलो, तेव्हा अडीच वाजून गेले होते.

धाकू सकाळपासून थांबलेला. त्यानं आमच्याकडे बघितलं, बोटांनी माणसं मोजली आणि मला बाजूला बोलावलं.

"बाय, सोळा हायत. मी धा बोललू व्हतू. आन वखत बी गेला."

मी हळू आवाजात म्हटलं, "धाकू, मोठी माणसं आहेत. मुंबईहून आली आहेत."

"दोन खेपा करू."

"दोन खेपांत अंधार पडेल. मी सांगते ना, काही होत नाही. मी आहे."

मी आहे – म्हणजे कोण होते मी? मला पोहतासुद्धा येत नव्हतं. पण त्यानं माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं, आणि वल्हं उचललं. आमच्या गावात शाळेतल्या बाईला कुणी दुसऱ्यांदा नाही म्हणत नसे.

ईश्वरी मात्र काठावरच उभी राहिली. ती सिंधूच्या काठावर वाढलेली. तिनं होडीच्या कडेकडे आणि पाण्याकडे बघितलं.

"बहुत भरलेली आहे ग, सुमन. तुम्ही जा. मी इथं बसून चित्र काढते."

आणि मी – सगळ्यांना ऐकू जाईल असं – म्हणाले, "सिंधूवाली म्हणवतेस आणि या ओढ्याला घाबरतेस?"

सगळे हसले. सरही हसले. मी हात पुढे केला. ती तो हात धरून आत आली आणि माझ्या शेजारी बसली. तिचा हात गार होता. बहुतेक सकाळपासून पेन्सिल धरून असेल.

पहिला अर्धा तास छान गेला. दोन्ही काठांना वाल आणि हरभऱ्याचे मळे, मधूनच एखादा बगळा. बायका पाण्यात बोटं घालत होत्या. सर पुढच्या टोकाला उभे राहून बोलत होते. त्यांनी माझं नाव घेतलं. 'आपल्या या सुमनताईंनी एक फार वेगळा विचार मांडला आहे' – असं म्हणाले. पंधरा माणसांनी माझ्याकडे वळून बघितलं. ईश्वरीनं माझ्या दंडाला हळूच चिमटा काढला.

आयुष्यात एवढी सुखात मी पुन्हा कधी नव्हते, हेही या कबुलीतच धरा.

पाणी चढलं होतं. मला दिसत होतं. काठावरच्या धुण्याच्या दगडांपैकी काही बुडाले होते. धाकू आता बसून नाही, उभा राहून वल्हं मारत होता आणि मधूनमधून म्हणत होता, "बसून ऱ्हावा, हलू नका." वळणाच्या अलीकडे सरांना डाव्या काठावर एक कोरीव दगड दिसला – की तसा वाटला. त्यांनी हात केला. "ते बघा!"

सगळे डावीकडे झुकले. काही उभे राहिले. खालून खडक घासल्याचा आवाज आला, आणि कडेवरून पाणी आत आलं. लाट वगैरे काही नव्हती. ताटात आमटी ओतावी तसं आलं.

मग आम्ही पाण्यात होतो.

बऱ्याच ठिकाणी पाणी छातीएवढंच होतं. ज्यांचे पाय टेकले ते वाचले. खडकाच्या पलीकडे मात्र डोह होता. माझ्या हाताला होडीची कड लागली आणि मी ती धरली. ईश्वरी माझ्या डाव्या हाताला बसली होती. मी उजवीकडे बघत होते, कारण उजवीकडे काठ होता. मला हाक आली का? आली असेल. मी कड सोडली नाही. धाकू एकेकाला ओढून काढत होता – त्या दोघी बहिणी, इंजिनिअर, सर, मी. पाच जण त्यानं एकट्यानं काढले. मग तो पुन्हा डोहात गेला, आणि पुन्हा, आणि पुन्हा.

ईश्वरी तासाभरानं खाली, जांभूळच्या बाजूला सापडली. बाकी सगळे वाचले.

आता मुद्द्याचं. इतका वेळ जे सांगितलं तो गुन्हाच आहे, पण त्याला अजून लोक चूक म्हणू शकतील. यापुढे जे घडलं त्याला ते नाव देता येणार नाही.

संध्याकाळच्या आत फौजदार आले. काठावर कुणीतरी खाट आणून दिली होती, तिच्यावर मी घोंगडी पांघरून बसले होते. व्यवस्था मी बघितली होती म्हणून पहिला प्रश्न मला. धाकू पाच हातांवर उभा होता, ओलागच्च.

"नावाड्यानं काही सांगितलं होतं का? किती माणसं बसतात, वगैरे?"

मी म्हटलं, "नाही."

"वेळेबद्दल काही?"

"नाही."

धाकू म्हणाला, "बाय –" एवढंच. फौजदारांनी हातानंच त्याला थांबवलं. मी घोंगडीच्या दशांकडे बघत होते.

तुम्ही म्हणाल, धक्का बसला असेल, भान नसेल. भान होतं. त्या दोन 'नाही'च्या मध्ये मला जून महिना आठवला होता.

कोर्टात तेच मी पुन्हा सांगितलं, शपथेवर. धाकूनं सांगितलं की बायला दोनदा सांगितलं होतं, तरीवरही सांगितलं होतं. मॅजिस्ट्रेटनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पांढरी साडी नेसून गेले होते. शिक्षिका, पोस्टमास्तरांची मुलगी, मैत्रीण गमावलेली. सर तर प्रामाणिकपणे म्हणाले, आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. ते खरंच होतं – त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. धाकूला सहा महिन्यांची कैद झाली. तरीचं काम दुसऱ्याकडे गेलं. त्याची बायको मुलांना घेऊन चामटोलीला भावाकडे राहायला गेली, असं घरी कुणीतरी बोललं. मी जेवत होते. जेवत राहिले.

जूनमध्ये मी सरांकडे रुजू झाले. हो, झाले.

अम्मानं त्यानंतर मला सोडलंच नाही. दरवर्षी ईश्वरीच्या तिथीला ती मला बराकीत जेवायला बोलवायची. गोणपाटाचा पडदा बाजूला सारून आत गेलं की समोर ईश्वरीची चित्रं टाचलेली असत. अम्मा कढी-भात वाढायची. "खाओ बेटी. तू खाती है तो लगता है वो खा रही है." मी खायची. माझं पान आवरता आवरता ती दरवेळी धाकूला शाप द्यायची – त्याचंही घर असंच उजाड होवो, त्याच्याही चुलीत असंच पाणी पडो. त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. 'वो मल्लाह' म्हणायची. एका वर्षी तिनं मला विचारलं, "तू तो वहाँ थी. सच बता, उसने किसी को रोका नहीं?"

समोर फक्त ती होती. फौजदार नव्हते, कोर्ट नव्हतं. मी म्हटलं, "नहीं अम्मा."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पुढे दोन वर्षांनी ती गेली, हेच खरं मानून.

मला रडू यायचं का? नाही यायचं. तुम्हाला ते विचित्र वाटेल. मी परीक्षा दिल्या, पास झाले, लग्न केलं, कॉलेजात शिकवायला लागले. आत कुठेतरी एक जागा बधिर झाली होती आणि तिचा काही त्रास होत नव्हता. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गालाला हात लावून बघावा, तशी मी कधीकधी त्या जागेला हात लावून बघायची.

ते दशक संपत आलं होतं तेव्हा मी विद्यार्थिनींना घेऊन अंबरनाथला गेले. त्याच शिवालयात, त्याच भिंतीसमोर मी उभी होते, आणि आता मीच बोलत होते. आवारातलं गवत काढायला काही मजूर लावले होते. त्यांतला एक उठून विळा खाली ठेवून माझ्याकडे आला. केस पिकले होते, एक खांदा उतरला होता. आधी मी ओळखलं नाही. मग ओळखलं.

मुली बघत होत्या. हा आता बोलणार, इथेच, यांच्यासमोर – मला वाटलं. आणि खरं सांगते, मला वाटलं, बोल. बोलून टाक एकदा.

तो म्हणाला, "बाय, बरी हाय ना?"

मी म्हटलं, "हो."

मग हळू आवाजात, मुलींना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "तुमच्या मैत्रिणीला दोन डाव माझा हात लागला व्हता. पयल्या डावाला पदर आला नुसता, दुसऱ्याला केस. दोनी डाव सुटली. मी सोडली नाय, बाय. सुटली."

मी मुलींकडे बघितलं.

"तुमी सांगला का चला, पन होरी त मीच घातली ना? वल्हा माझ्या हातान व्हता. मी 'नाय' बोललू असतू त झाला असता." त्याचा चेहरा वाकडा झाला. "मना माफी करा."

मी तिथं उभी होते. सगळं माझ्या ओठांवर होतं – एकच वाक्य लागलं असतं, तेही लहान. तो माझ्याकडे बघत होता, खरोखर वाट बघत होता, मी काय म्हणते याची.

मी म्हणाले, "असू दे, धाकू. माझ्या मनात काही नाही. मी तुला केव्हाच माफ केलं."

त्यानं डोळे पुसले आणि माझ्यापुढे हात जोडले. मी ते जोडू दिले.